'गोऱ्या बायकांचा आजार': एका समजुतीची पार्श्वभूमी

अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये गोऱ्या स्त्रियांपेक्षा थोडं कमीच आहे; मृत्युदर मात्र जवळपास 40 टक्क्यांनी जास्त. तरीही 'तुम्हाला स्वतःला किती धोका वाटतो?' असं विचारल्यावर अनेक पाहण्यांत कृष्णवर्णीय स्त्रियांनीच तो कमी सांगितला आहे. याचं खापर अज्ञानावर फोडणं सोपं. पण 'हा गोऱ्या बायकांचा आजार' ही समजूत आधी दवाखान्यात जन्मली, मग घरी गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरमंडळीच कॅन्सरला सुधारलेल्या, म्हणजे त्यांच्या लेखी गोऱ्या, समाजाचा आजार समजत. 1974 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी आपली शस्त्रक्रिया लपवली नाही आणि तपासणीसाठी झुंबड उडाली. आजाराचा चेहरा मात्र गोराच राहिला.

धोका मोजायचं गणितही त्याच साच्यातलं. 1973 पासून एका तपासणी प्रकल्पात देशभरातल्या सुमारे 2,80,000 स्त्रियांची मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) झाली. त्यातल्या गोऱ्या स्त्रियांच्या नोंदींवरून 1989 मध्ये 'गेल मॉडेल' बेतलं गेलं: वय, पहिली पाळी, पहिलं बाळंतपण, आई-बहिणींचा आजार, बायॉप्सी एवढं भरलं की धोका टक्क्यांत हातात. कृष्णवर्णीय स्त्रियांचा धोका त्यात कमी दिसायचा. त्यांच्यासाठी वेगळं मॉडेल यायला 2007 उजाडलं!

त्यात अविश्वासाची भर. अलाबामात टस्कीगी इथे सरकारी आरोग्यखात्याने 1932 पासून 40 वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचारच केले नाहीत, पेनिसिलीन आल्यावरही. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागातल्या, 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 'ऑपरेशनमध्ये गाठीला हवा लागली की कॅन्सर पसरतो' ही धारणा आढळली. वैद्यकदृष्ट्या ती चूक. पण ज्या वस्तीत बाई ऑपरेशनला पोचते तीच आजार हाताबाहेर गेल्यावर, तिथे लोकांनी दुसरा काय निष्कर्ष काढायचा?

आर्कान्साने 1990 च्या दशकात यावर वेगळी वाट काढली. आजारातून वाचलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया चर्चमध्ये उभ्या राहून आपली हकीकत सांगू लागल्या. पत्रकांनी जे साधलं नव्हतं, ते शेजारच्या बाकावरच्या बाईने साधलं.

आज मॅमोग्राफीत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या स्त्रिया जवळपास बरोबरीला आहेत. मृत्यूंतली दरी आहेच: हार्मोनच्या औषधांना दाद न देणारा 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकार कृष्णवर्णीय स्त्रियांत सुमारे दुप्पट, शिवाय विमा नाही, उपचाराला उशीर. शिवाय हा आजार त्यांना तुलनेने तरुण वयात गाठतो. 2009 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय तज्ज्ञगटाने सरसकट तपासणी 50 व्या वर्षापासून सुचवली होती. ते वय 40 वर आलं एप्रिल 2024 मध्ये.