दिवाडीचे पाणी, सुर्ल्याचा बेडूक

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि खिशातला मोबाईल बाहेर काढेपर्यंत दिवाडी येते. पोर्तुगीज काळात सप्तकोटेश्वराचे लिंगसुद्धा या बेटावरून नदीपार नार्व्याला गेले. एवढ्याशा पाण्याने कोण अडणार? तरी ‘बेट म्हणजे वेगळे जीव’ हे समीकरण शाळेपासून डोक्यात पक्के. प्रत्यक्षात गोव्याचे नाव लावणारा बेडूक, मिनर्वार्या गोएमची, २०१८ मध्ये नोंदला गेला तो मांडवीतल्या बेटावरून नव्हे, सत्तरीतल्या सुर्ल्याहून.

समीकरणाचे श्रेय डार्विनला जाते, पण पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांवर त्याची चक्क फजिती झाली होती. १८३५ मध्ये तो तिथे पोचला तेव्हा, कासव कुठल्या बेटावरचे ते आपण बघूनच ओळखतो, असे तिथल्या उपराज्यपालाने त्याला सांगितले. डार्विनने ते फारसे मनावर घेतले नाही. दोन बेटांवरचे नमुने तर एकत्रही करून टाकले. पुढे १८३७ च्या जानेवारीत लंडनमध्ये पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्डने उलगडा केला: डार्विन ज्यांना निरनिराळ्या घराण्यांतले पक्षी समजत होता, ते सगळे फिंचच होते. मग कुठला पक्षी कुठल्या बेटावरचा हे लावण्यासाठी कप्तान फिट्झरॉय आणि इतर सहप्रवाशांनी चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या नमुन्यांची मदत घ्यावी लागली.

मला त्याहून मोरिट्झ वाग्नर जास्त महत्त्वाचा वाटतो. या जर्मन प्रवाशाने १८३० च्या दशकात अल्जीरियात पाहिले, की उडता न येणाऱ्या भुंगेऱ्यांच्या जाती नदीच्या दोन काठांवर वेगवेगळ्या आहेत. समुद्र नाही, बेट नाही, नुसती नदी. विलग झाल्याशिवाय नवी जात घडतच नाही, असा सिद्धान्त त्याने १८६८ मध्ये मांडला. डार्विनला तो आग्रह पटला नाही. १९४२ मध्ये जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायरने भौगोलिक विलगीकरणाला जातिउद्भवाच्या, म्हणजे नव्या जाती घडण्याच्या, केंद्रस्थानी आणून बसवले.

म्हणजे बघायचे ते पाणी किती रुंद हे नव्हे, त्या जिवाला काय ओलांडता येत नाही हे. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरात खडकांत राहणारे म्बुना मासे मधला वाळूचा पट्टा सहसा पार करत नाहीत. पाणी एकच, पण त्यांच्यासाठी खडकांचा प्रत्येक ढीग हे बेट. काळाचा हिशेबही सरळ नाही. व्हिक्टोरिया सरोवर सुमारे १५,००० वर्षांपूर्वी कोरडे पडले होते, तरी नंतर तिथे सिक्लिड माशांच्या सुमारे ५०० जाती झाल्या. त्यांच्या पूर्वजांत आधीच संकर होऊन वैविध्याचा साठा तयार होता, असे जनुकीय अभ्यास सांगतात.

आपल्या बेटांना ना असा अडथळा मिळाला, ना असा साठा. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता. तेव्हा मांडवीतली दिवाडी, चोडण काय, समुद्रातले अंजदीव बेटसुद्धा जमिनीचाच भाग. गोव्याची जुनी ‘बेटे’ डोंगरात आहेत. देवगांडूळ घ्या. दिसायला गांडूळ, पण पाठीला कणा आणि जबड्यात दात असलेला हा बिनपायांचा उभयचर ओलसर मातीत राहतो. मे महिन्यात चपलेतूनही चटका देणारा जांभ्याचा सडा म्हणजे त्याच्या लेखी समुद्रच. बोंडल्याहून २००४ मध्ये गेगेनिओफिस नाडकर्णी, २००७ मध्ये केरीहून गोवाएन्सिस आणि चोर्ल्याहून म्हादेईएन्सिस अशा एकाच गोत्रातल्या तीन जाती नोंदल्या गेल्या. यांतली केरी आणि चोर्ला ही दोन गावे तर एकाच घाटरस्त्याच्या खाली आणि वर.

सीमेपलीकडे आंबोलीत तर देवळाचे कुंडच पुरले. हिरण्यकेशीच्या उगमापाशी, शंकराच्या देवळातल्या कुंडातून शिस्तुरा हिरण्यकेशी हा बोटाएवढा मासा २०२० मध्ये शास्त्राला कळला; २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात बाहेरून आणून सोडलेल्या नाईल पर्च माशाने सिक्लिडच्या कितीतरी जाती संपवल्या, आणि ते सरोवर अख्ख्या गोव्याच्या अठरापट आहे. डासांवर उपाय म्हणून आपल्याकडे विहिरीत, डबक्यांत गप्पी मासे सोडतात. या कुंडाला बादलीभर पुरतील.