गिझरची कॉइल बदलण्याआधी दोन आकडे बघा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

थंडी पडली की दुकानात एक तक्रार ठरलेली: "गिझर पाणी तापवत नाही, कॉइल बदलून द्या." कॉइल बदलायला आमची ना नाही, पोट त्यावरच आहे. पण कित्येकदा कॉइल ठणठणीत असते आणि दुखणं दुसरीकडेच निघतं. नवी कॉइल बसवूनही पाणी कोमटच राहिलं की ग्राहक आमच्यावर चिडतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून हा कागद.

आमचा माणूस घरी आला की दोन गोष्टी मोजतो. गिझर चालू असताना प्लगवर किती व्होल्ट मिळतात आणि टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमट्यासारखा अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावल्यावर किती अँपिअर करंट दिसतो. हे काम त्यालाच करू द्या. चालू लाइनवर घरच्या घरी प्रयोग नकोत. पुढचं गणित मात्र मोबाइलवर कुणालाही जमेल. व्होल्टला अँपिअरने भागलं की कॉइलचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ओहममध्ये मिळतो, आणि व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की वॅट मिळतात. पहिला नियम ओहम नावाच्या जर्मन मास्तरांनी 1827 साली पुस्तकात मांडला; शाळेत तो आपण सगळ्यांनी पाठ केला आणि परीक्षेनंतर सोडून दिला.

तुमच्या गिझरवर 2000 वॅट, 230 व्होल्ट असं छापलेलं असेल तर 2000 भागिले 230, म्हणजे 8.7 अँपिअर करंट यायला हवा. रेझिस्टन्स 230 भागिले 8.7, साधारण 26.4 ओहम. एखाद-दोन ओहम इकडेतिकडे चालतात.

आता एक खरी तक्रार घ्या. 15 लिटरचा गिझर, सकाळी सातची वेळ. प्लगवर 184 व्होल्ट, करंट 7 अँपिअर. भागाकार केला, 26.3 ओहम आले. कॉइल अगदी शाबूत. गुणाकार केला, तर 1288 वॅट. म्हणजे 2000 वॅटचा गिझर तेराशे वॅटसुद्धा देत नव्हता. व्होल्टेज वीस टक्क्यांनी उतरलं, पण ताकद छत्तीस टक्क्यांनी उतरली, कारण व्होल्ट कमी झाले की त्याच कॉइलमधून करंटही कमी वाहतो आणि मार दोन्हीकडून बसतो. 20 अंशांचं पाणी 50 अंशांवर न्यायला एरवी 16 मिनिटं लागतात, तिथे 24 लागत होती. घरच्या विजेच्या मीटरपाशी मोजलं तर तिथेही 186 व्होल्टच येत होते, म्हणजे व्होल्टेज बाहेरूनच कमी. तिथे वीज कंपनीकडे तक्रार करायची, कॉइल बदलून काहीच झालं नसतं. "मग बिल जास्त आलं असेल," असं त्या काकू म्हणाल्या. तसं होत नाही. वॅट कमी, वेळ जास्त. दोन्हीकडे साधारण अर्धा युनिटच जळतो.

दुसरी तक्रार वेगळी होती, आणि तिची आम्हाला जास्त काळजी वाटते. मीटरपाशी 228 व्होल्ट, गिझरच्या टोकाला 220, करंट 8.3 अँपिअर. मधले 8 व्होल्ट कुठे गेले? प्लगच्या पिना तपकिरी पडल्या होत्या, सॉकेटला जळका वास होता. त्या एका सैल जोडाचा रेझिस्टन्स जेमतेम एक ओहम. पण 8 गुणिले 8.3 म्हणजे 66 वॅट उष्णता त्या जागी साठत होती. आमच्या टेबलावरचा सोल्डरिंगचा इस्त्रीसारखा तापणारा दांडा 25 वॅटचा असतो, त्यावरून अंदाज करा. पाणी बरं तापत होतं म्हणून घरात कुणी लक्षच दिलं नव्हतं. गिझर बंद केल्यावर प्लग हाताला चटका देत असेल तर तो पुन्हा लावू नका, आम्हाला बोलवा. आणि गिझर 16 अँपिअरच्या पॉवर प्लगवरच हवा. 6 अँपिअरच्या सॉकेटवर अडॅप्टर लावून चालवलेले गिझर आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

बंद गिझरची कॉइल ओहमवर तपासायची तर आधी प्लग काढायचा, मगच कॉइलच्या दोन टोकांना ओहम मोजणारा मीटर लावायचा. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. तेव्हा बदलायलाच हवी. बोअरच्या पाण्याचा क्षार कॉइलवर बसला असेल तर मात्र आकडे बरोबरच येतात. तो खोलल्याशिवाय दिसत नाही.

हेच गणित सगळीकडे लावू नका. जुन्या पिवळ्या 100 वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स पेटलेला असताना 529 ओहम असतो, थंड असताना त्याच्या दहाव्या भागाच्या आसपासच भरतो. मिक्सर, पंप, पंखा यांच्या मोटरला व्होल्ट गुणिले अँपिअर केलं तर येणारा आकडा खऱ्या वॅटपेक्षा जास्त असतो. शिवाय पाण्याच्या पंपाचं वागणं गिझरच्या अगदी उलट: व्होल्टेज उतरलं की भार ओढण्यासाठी तो करंट जास्त खेचतो आणि वाइंडिंग (मोटरमधलं तारेचं वेटोळं) जाळून घेतो. कमी व्होल्टेजमध्ये गिझर हवा तेवढा वेळ चालवा, पंप बंद ठेवा.

फोन कराल तेव्हा गिझर किती लिटर, किती वॅट आणि त्रास कोणत्या वेळी होतो एवढं सांगा. गिझरच्या प्रत्येक बिलावर आमचा माणूस व्होल्ट आणि अँपिअर लिहून देईल. लिहिले नसतील तर पैसे देण्याआधी मागून घ्या.