व्हेलर्स कोव्ह, पॉइंट लोबोस : किनाऱ्यावरून स्कूबा

कॅलिफोर्नियात कार्मेलच्या दक्षिणेला पॉइंट लोबोस या राखीव क्षेत्रात ही छोटी खाडी आहे. 1960 पासून इथला समुद्रतळही संरक्षित आहे. आगाऊ नोंदणी, प्रशिक्षणाचा दाखला आणि सोबत जोडीदार असल्याशिवाय बुडी मारता येत नाही. तळावरचा रिकामा शिंपलाही उचलायला बंदी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अबालोन (खाण्याजोगी मोठी समुद्री गोगलगाय) काढायला आलेल्या जपानी पाणबुड्यांना नुसता दम धरून या गार पाण्यात काम करणे झेपले नाही. त्यांनी वरून हवा पुरवणारा हेल्मेटचा पोशाख वापरला.

पाणी साधारण 10 ते 14 अंश सेल्सिअस असते. वसंतात वायव्य वाऱ्यांमुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरकते आणि खोलातले गार पाणी वर येते, म्हणून तेव्हा थंडी जास्त. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये पाणी बहुधा नितळ असते. 7 मिमीचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख), टोपी आणि हातमोजे हा किमान पोशाख; दुसरी बुडी मारायची असेल तर पाणी आत न येऊ देणारा ड्रायसूटच बरा.

तारकर्लीच्या कोमट पाण्यात शिकलेल्यांचा अंदाज इथे हमखास चुकतो तो वजनाचा. वेटसूटचे जाड निओप्रीन (बुडबुडे असलेले रबर) वर तरंगवते, म्हणून शिसे बरेच जास्त लागते. पण 10 मीटरवर त्यातले वायूचे बुडबुडे जवळपास निम्म्यावर दबतात आणि माणूस दगडासारखा खाली जाऊ लागतो. अंगावरच्या फुगवता येणाऱ्या जॅकेटात थोडी थोडी हवा भरत उतरावे. ॲल्युमिनियमची 80 घनफुटी टाकी रिकामी होताना दोन-अडीच किलोंनी हलकी होते. त्यामुळे वजनाची पारख टाकीत 35 बार (हवेच्या दाबाचे माप) उरलेले असताना, 5 मीटरवर स्थिर राहता येते का, यावर करावी.

पाण्यात शिरायची वाट म्हणजे होड्या उतरवायचा काँक्रीटचा उतार. शेवाळाने तो इतका निसरडा असतो की बुडीपेक्षा इथेच जास्त जण आपटतात. पावले न उचलता घासत जावे, मास्क आणि रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारे यंत्र) आधीच लावावेत, फिन (पायांत घालायची वल्ही) कमरेइतक्या पाण्यात जोडीदाराचा खांदा धरून चढवावेत. परतताना उभे राहण्याचा हट्ट नको. रांगत आलेले चांगले.

खाडीतून बाहेर जाताना मिडल रीफचे खडक लागतात. त्यांच्या कपारींत लिंगकॉड, रॉकफिश हे मासे आणि रंगीत समुद्री गोगलगायी दिसतात. 2013 पासूनच्या रोगाने सूर्यफूल-तारामासे जवळपास नाहीसे झाले. खाणारे कोणी न उरल्याने सागरी साळू (काटेरी गोल प्राणी) माजले आणि त्यांनी बऱ्याच ठिकाणचे केल्प (तळापासून उंच वाढणारे समुद्री शेवाळ) फस्त केले. लांब अंतराने येणाऱ्या लाटा दिसायला किरकोळ असतात, पण त्यांची ओढ खोलवर पोचते. अशा वेळी अरुंद घळीत शिरू नये.

केल्पमध्ये अडकल्यास गरगर फिरू नये, त्याने दोर आणखी गुंडाळले जातात. थांबावे आणि देठ दुमडून मोडावा. ओढून तो तुटत नाही. फिनच्या पट्ट्यांची लोंबती टोके आधीच टेपने चिकटवावीत. निम्मी हवा उरण्याआधीच मागे वळावे, कारण केल्पच्या छताखालून परत यायला किमान 50 बार हाताशी हवेत. ते संपले तर पृष्ठभागावर पालथे होऊन, दोन्ही हातांनी पाती खाली दाबत, सरपटत किनारा गाठावा लागतो.