रूम पार्टनर म्हणजे ‘पार्टनर’ नव्हे! (घर शेअर करणाऱ्यांना जोडपं धरून पैसे कापले असतील तर)

नमस्कार मंडळी, हे पत्रक इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि आमच्याकडे युनिव्हर्सल क्रेडिटचे (कमी कमाई असणाऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचे) फॉर्म भरून घ्यायला येणाऱ्या आपल्या मराठी लोकांसाठी. भाडं एकट्याला झेपत नाही म्हणून दोघांनी मिळून फ्लॅट घेतलेला असतो, दोघांच्या खोल्या वेगळ्या, खाती वेगळी, आणि एक दिवस ऑनलाइन जर्नलमध्ये (भत्त्याच्या खात्यातल्या निरोपांच्या पानावर) मेसेज येऊन पडतो की तुम्ही दोघं जोडपं दिसता, जॉइंट क्लेम करा, म्हणजे दोघांचा मिळून एकच अर्ज. माणूस हबकतोच. आमच्याकडे हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

आधी त्या ‘पार्टनर’ची भानगड. आपण पुण्यात, नागपुरात शिकायला होतो तेव्हापासून ‘रूम पार्टनर’ म्हणतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इथे सरकारी फॉर्मवर पार्टनर म्हणजे नवरा, बायको, नाहीतर लग्न न करता तसं राहणारं माणूस, बास. गेल्या हिवाळ्यात एक ताई आल्या होत्या, घरात दुसरा एक मुलगा भाड्याने राहतो, तोही आपल्याकडचाच. युनिव्हर्सल क्रेडिटवाल्यांनी फोनवर त्यांना विचारलं लाइटबिल कोण भरतं, त्या सरळ म्हणाल्या, ‘माय रूम पार्टनर पेज.’ पलीकडच्या माणसाने ‘रूम’ गाळला आणि ‘पार्टनर’ तेवढा टाइप केला. पुढचे तीन महिने ताई तो एक शब्द पुसत बसल्या. तेव्हा कृपा करून हाऊसमेट म्हणा, फ्लॅटमेट म्हणा, नाहीतर ‘घरातला दुसरा भाडेकरू’ म्हणा. लेटिंग एजंटच्या फॉर्मवर पण बघून सही करा, एजंटला घाई असते, तो ‘कपल’वर टिक मारून मोकळा होतो.

पैशात फरक किती पडतो?

भरपूर. २०२५-२६ चे आकडे घ्या, २५ वर्षांवरच्या एकट्या माणसाची मूळ रक्कम महिन्याला ४००.१४ पाउंड, जोडप्याची ६२८.१०. म्हणजे दोन एकट्यांचे मिळून ८००.२८ झाले असते, तिथे १७२ पाउंड तिथल्या तिथे गेले. पण खरं दुखणं ते नाही. जोडपं धरलं की समोरच्याचा पगार आणि सेव्हिंगही तुमच्या हिशोबात येतं. मुलं नसलेल्या, तब्येत ठीक असलेल्या लोकांच्या कमाईतल्या प्रत्येक पाउंडमागे ५५ पेन्स कापतात, मग हाऊसमेटच्या हातात १,८०० पाउंड येत असतील तर ९९० कापले जातात, आणि मूळ रक्कम तर सगळी मिळून ६२८! त्याच्या खात्यात गावाकडच्या घरासाठी साठवलेले १६,००० पाउंडाच्या वर असतील तर विषयच संपला, क्लेम बाद.

आणि आपल्या लोकांना जास्त लागू पडणारी गोष्ट: हाऊसमेट व्हिसावर असेल आणि त्याला सरकारी पैसा घ्यायची परवानगी नसेल, तरी जोडपं धरल्यावर त्याचा पगार मोजला जातो आणि तुम्हाला मात्र एकट्याचाच रेट मिळतो. (व्हिसाचा सल्ला आम्ही देत नाही हां, त्याला परवाना लागतो, परवानावाल्याकडेच जा.)

मग जोडपं ठरवतात कशावरून?

कायदा २०१२ चा, वेल्फेअर रिफॉर्म ॲक्ट. त्यात म्हटलंय की लग्न झालेलं नसलं तरी ‘लग्न झालेल्या जोडप्यासारखे’ एकत्र राहत असाल तर जोडपं. आता ‘सारखे’ म्हणजे काय, हे कोर्टांनी ठरवत आणलं. एकच घरगृहस्थी आहे का, नातं स्थिर आहे का, एकमेकांचा पैशाचा भार उचलता का, शरीरसंबंध, मुलं, आणि चारचौघांत जोडपं म्हणून वावरता का, अशा सहा खुणा बघतात. कोर्टाने या सहांना रस्त्यावरच्या पाट्या म्हटलंय, म्हणजे एक पाटी दिसली म्हणून गाव आलं असं होत नाही, सगळं चित्र बघायचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या एका केसमध्ये अपघातात जखमी झालेल्या बाईकडे एक माणूस मदतीला राहायला आला होता, तिथे हायकोर्टाने सांगितलं की एका छपराखाली राहतात एवढं पुरत नाही, का राहतात तेही बघा. ही केस तुमच्या बाजूची आहे. शरीरसंबंधाबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायची सक्ती नाही, शांतपणे नाही म्हणा.

दोन मुलगे किंवा दोन मुली एकत्र राहत असाल तर ‘आम्हाला काय, आम्ही दोघं मित्र’ असं समजू नका, हा नियम सगळ्यांना सारखाच. सख्खे बहीणभाऊ, आई-मुलगा यांना जोडपं धरत नाहीत. पण चुलत-मामे भावंडांची इथे कायद्याने लग्नं होऊ शकतात, त्यामुळे ‘तो माझा मामेभाऊ आहे’ म्हणून प्रश्न मिटत नाही (आणि आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतातच, तेव्हा रागावायलाही फारशी जागा नाही).

आपली खरी पंचाईत स्वयंपाकघरात आहे. तो येताना भाजी आणतो, मी पोळ्या लाटते, एकाच कुकरला दोघांचा भात लागतो. आपल्या दृष्टीने हा साधा शेजारधर्म, एकाने दोन शिट्ट्या आणि दुसऱ्याने परत दोन शिट्ट्या कशाला करायच्या! पण फॉर्म वाचणाऱ्याला ती ‘एक गृहस्थी’ वाटते. मी असं म्हणत नाही की उद्यापासून एकत्र जेवू नका. जेवा, पण हिशोब दिसू द्या. स्प्लिटवाइजवर (खर्च वाटून घ्यायचं ॲप) खर्च टाका, बँकेतून पैसे पाठवताना रेफरन्समध्ये ‘डाळ तांदूळ मार्च’ असं लिहा. एका पोराने गंमत म्हणून दर वेळी बदामाची, म्हणजे लाल हार्टची, इमोजी टाकली होती आणि ते स्टेटमेंट मग पुरावा म्हणून द्यायची वेळ आली, दहा महिन्यांचे बदाम समजावून सांगताना आमचा घाम निघाला.

डेटा जुळवून शंका काढण्यात चुकाही केवढ्या होतात बघा. २०१६ मध्ये टॅक्स क्रेडिट तपासायला सरकारने नेमलेल्या एका खासगी कंपनीने एका १९ वर्षांच्या आईवर आरोप ठेवला की तू जोसेफ राउनट्री नावाच्या माणसाबरोबर राहतेस. हा राउनट्री म्हणजे यॉर्कचा चॉकलेटवाला, १९२५ सालीच वारलेला, आणि ती राहत होती त्याच्या नावाच्या ट्रस्टच्या घरात. तेव्हा पत्र आलं म्हणजे गुन्हा केला असं मनाला लावून घेऊ नका.

पत्र आलं तर

घाबरून ‘बरं, करून टाका जॉइंट’ असं फोनवर बोलू नका. पैसे अडकलेत म्हणून लोक हेच करतात, आणि नंतर तेच तुमच्याविरुद्ध वाचून दाखवतात. निर्णयाच्या तारखेपासून एका महिन्यात मँडेटरी रिकन्सिडरेशन, म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागा, जर्नलमध्ये लिहून मागितलं तरी चालतं. तिथे नाही म्हणाले तर त्या उत्तराच्या तारखेपासून पुन्हा एक महिना, ट्रायब्युनलमध्ये अपील, त्याला फी नाही. उशीर झाला असेल तरी सबळ कारण असेल तर विचारून बघता येतं, पण त्या भरवशावर राहू नका. आधीपासून एकट्याचा क्लेम चालू असेल आणि त्यांनी तो बदलला असेल, तर जोडपं आहात हे त्यांनी दाखवायचंय, हे पत्रात आवर्जून लिहा.

काउन्सिल टॅक्सची (घरावरच्या स्थानिक कराची) गल्लत करू नका. तिथली २५ टक्के सूट घरात एकच मोठं माणूस असेल तर मिळते, हाऊसमेट आला की ती सहसा जाते, मग तुमचं नातं काहीही असो (फुलटाइम विद्यार्थी वगैरे काहींना मात्र त्यात मोजत नाहीत). सूट बंद झाल्याचं कळवलंत म्हणून तुम्ही जोडपं ठरत नाही. उलट ती घेत राहिलात तर तीच कटकट पुढे नडते.

हे सगळं तुम्ही स्वतः करू शकता, सिटिझन्स ॲडव्हाइसवाले फुकट मदत करतात, आमच्याकडे फी लागते, ती ज्यांना इंग्रजी पत्रं जड जातात त्यांच्यासाठी. आणि एक स्पष्ट सांगतो, तुम्ही खरंच जोडपं असाल तर ते लपवायला आमच्याकडे येऊ नका, ते काम आम्ही करत नाही.

येताना निर्णयाचं पत्र किंवा जर्नलचे स्क्रीनशॉट, भाडेकरार, दोघांची सहा महिन्यांची स्टेटमेंट, स्प्लिटवाइजचा हिशोब असं घेऊन या. फ्रिजमधला तुमचा कप्पा, त्याचा कप्पा, दोन वेगळ्या खोल्या यांचे फोटो काढा, आवरून नको, आहे तसेच. हाऊसमेट दोन ओळी लिहून सही करून देत असेल तर उत्तम, त्याला सोबतही आणा, फक्त तो बोलत असताना ‘अरे तसं नाही रे’ म्हणून मध्ये तोंड घालू नका, नवरा-बायको नेमकं तसंच करतात.