मानवी पाणतीर दोन: इटलीचा ‘मायाले’ आणि जपानचा ‘काइतेन’

दुसऱ्या महायुद्धातल्या ‘मानवी पाणतीरां’बद्दल, म्हणजे माणसाने चालवायच्या टॉर्पेडोंबद्दल, वाचताना एक घोटाळा हमखास होतो. अलेक्झांड्रियाच्या बंदरात ब्रिटिश युद्धनौका तळाला बसवणारे इटालियन आणि पॅसिफिक महासागरातल्या उलिथी बेटांजवळ अमेरिकी तेलवाहू जहाज बुडवणारे जपानी यांना एकाच पंगतीत बसवून सरसकट ‘आत्मघातकी पथक’ म्हटलं जातं. दोन्ही यंत्रं लांबट नळीसारखी, दोन्ही मोठ्या पाणबुडीच्या पाठीवरून नेली जायची, म्हणून गल्लत होते. प्रत्यक्षात ‘आत्मघातकी’ हा शब्द त्यातल्या एकालाच लागू पडतो, आणि तो दुसऱ्याला चिकटवणं हा सहा जिवंत परतलेल्या माणसांवर अन्याय आहे.

फरक पक्का लक्षात ठेवायचा तर एकच विचारावं: यंत्रासोबत नेलेला शुद्ध प्राणवायू कोणासाठी होता? मायालेवर तो माणसाच्या फुप्फुसांसाठी होता आणि यंत्र बॅटरीवर चालायचं. काइतेनमध्ये तो इंजिनासाठी होता. बाकीचं बरंचसं त्यावरून उलगडत जातं.

मायालेचं अधिकृत नाव ‘सिलुरो आ लेंता कोर्सा’, म्हणजे सावकाश धावणारा पाणतीर. ‘मायाले’ म्हणजे डुक्कर. आवरायला अवघड म्हणून पडलेलं टोपणनाव. १९३५-३६ मध्ये ला स्पेत्सिया इथे तेझेओ तेझेई आणि एलिओस तोस्की या इटालियन नौदलाच्या दोन अभियंता अधिकाऱ्यांनी ते घडवलं. कल्पना त्याआधीची होती. १ नोव्हेंबर १९१८ च्या पहाटे राफाएले रोसेत्ती आणि राफाएले पाओलुच्ची या इटालियन अधिकाऱ्यांनी संकुचित हवेवर चालणाऱ्या ‘मिन्यात्ता’ या यंत्राला, म्हणजे जळवेला, धरून ॲड्रियाटिक समुद्रावरचं पोला बंदर गाठलं होतं आणि ‘विरिबुस उनितिस’ ही युद्धनौका बुडवली होती. पण त्या दोघांची डोकी पाण्याच्या वर होती. श्वासाचं साधन नव्हतं, त्यामुळे पाण्याखाली जाण्याचा प्रश्नच नव्हता. तेझेई-तोस्की यांनी नेमकी ती उणीव भरून काढली.

यंत्र तसं साधंच. साधारण सात मीटर लांब, ५३ सेंटिमीटर व्यासाची नळी. एक-दीड अश्वशक्तीची विजेची मोटर. वेग ताशी दोन-अडीच सागरी मैल, म्हणजे निवांत चालणाऱ्या माणसाइतका. पल्ला दहा ते पंधरा सागरी मैल. दोघं जण घोड्यावर बसल्यासारखे वर मांड टाकून बसायचे. पुढच्यासमोर आडोशाची पाटी, सुकाणू, होकायंत्र आणि अंधारात चमकणारं खोलीमापक. मागच्याच्या पाठीशी हत्यारांची पेटी: जाळी कापायची कातर, जहाजाच्या बुडाला पकडायचे शिकंजे, दोर. नाकाला सुमारे २२० किलो स्फोटकांचा डबा, आणि हा डबा सुटा काढता यायचा. स्फोटक जहाजाखाली ठेवून माणसांनी निघून यायचं, ही सगळी रचना त्यासाठीच होती.

डबा लावायचीही ठरलेली रीत होती. युद्धनौका डोलू नये म्हणून तिच्या बुडाला दोन्ही बाजूंनी लांब पट्ट्या जोडलेल्या असतात. एका पट्टीला शिकंजा आवळायचा, दोर घेऊन बुडाखालून पलीकडे जायचं, दुसऱ्या पट्टीला शिकंजा आवळायचा. मग मधोमध दोराला डबा टांगायचा, घड्याळाचा चाप फिरवायचा आणि हलक्या झालेल्या यंत्रावर बसून बाहेर पडायचं. डबा बुडाखाली पाण्यात लोंबकळायचा. खालून होणाऱ्या स्फोटाचा दाब पाणी थेट बुडावर नेतं, म्हणून एवढीशी स्फोटकंही पुरायची.

आता श्वासाचं. उच्छ्वासाची हवा पाण्यात सोडणारी, बुडी मारणाऱ्यांची साधनं इथे निरुपयोगी होती, कारण वर येणारे बुडबुडे पहारेकऱ्याला दिसतात. म्हणून बंद चक्राचा प्राणवायू-संच वापरला. छातीवर रबरी पिशवी, लहान नळकांड्यात शुद्ध प्राणवायू आणि उच्छ्वासातला कर्बवायू शोषायला सोडा-लाइमची डबी. तीच हवा पुन्हा पुन्हा घ्यायची, बाहेर काही सोडायचं नाही. याचे धोके तीन. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, आणि दुप्पट दाबाचा शुद्ध प्राणवायू मेंदूला विषासारखा बाधतो. पूर्वसूचना न देता झटके येऊ शकतात. आज अशा संचाची मर्यादा सहा मीटरच्या आसपास धरतात, त्या काळी माणसं कितीतरी खोल जात होती. दुसरं, सोडा-लाइमची क्षमता संपली की कर्बवायू साठतो: डोकं ठणकतं, उलटी येते. तिसरं, डबीत पाणी शिरलं तर दाहक द्राव थेट तोंडात येतो.

१८ डिसेंबर १९४१ च्या रात्री ‘शिरे’ या इटालियन पाणबुडीने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाबाहेर तीन मायाले सोडले. ब्रिटिश विनाशिकांना आत घेण्यासाठी बंदराचं जाळं उघडलं आणि तिन्ही मायाले त्या वाटेने आत शिरले. एका मायालेवरच्या मार्चेल्या आणि स्केरगात यांनी ‘क्वीन एलिझाबेथ’ या युद्धनौकेखाली वर सांगितलेली रीत जशीच्या तशी पार पाडली. दुसऱ्यावरचा मार्तेलोत्ता मात्र डोकेदुखी आणि उलट्यांनी हैराण झाला, मुखवटा काढून पाण्याच्या वर डोकं ठेवूनच त्याने यंत्र पुढे नेलं. तरी त्याने आणि साथीदार मारिनोने ‘सगोना’ या तेलवाहू जहाजाखाली डबा लावला.

तिसऱ्या मायालेवरच्या द ला पेन्नेचं सगळंच बिनसलं. पोशाखात पाणी शिरलं, साथीदार बियांकी बेशुद्ध होऊन वर तरंगत गेला, पंख्यात तार अडकून मोटर बंद पडली. त्याचं लक्ष्य असलेली युद्धनौका ‘व्हॅलियंट’ काही मीटरवर. त्याने ते धूड गाळातून हातांनी ओढलं, इंच-इंच, सुमारे चाळीस मिनिटं. गाळ ढवळल्यामुळे होकायंत्राचा काटाही दिसत नव्हता, जहाजातल्या पंपाच्या आवाजावरून तो दिशा धरत होता. दोर बांधायची ताकद उरली नव्हती, म्हणून डबा बुडाखाली तळावरच ठेवून घड्याळ चालू केलं. पकडल्यावर त्याला त्याच जहाजात खालच्या कोठडीत ठेवलं. स्फोटाला थोडाच वेळ उरला तेव्हा त्याने जहाजाचा कॅप्टन चार्ल्स मॉर्गनला सांगितलं की जहाजातली माणसं वर काढा. डबा कुठे आहे ते मात्र सांगितलं नाही. पहाटे सहाच्या सुमारास दोन्ही युद्धनौका उथळ बंदरात तळाला टेकल्या. सहाही इटालियन कैदेत गेले, आणि सहाही जगले.

काइतेनकडे वळलं की मापंच बदलतात. लांबी १४.७५ मीटर, व्यास एक मीटर, वजन आठ टनांच्या वर, आणि नाकात १,५५० किलो स्फोटकं, म्हणजे मायालेच्या सातपट. माणूस एक, तो आत. नावाचा अर्थ ‘आकाश फिरवणं’, हरत चाललेल्या युद्धाचं पारडं फिरवणं. हिरोशी कुरोकी आणि सेकिओ निशिना या दोन तरुण अधिकाऱ्यांनी तो आखला आणि १९४४ च्या ऑगस्टमध्ये नौदलाने तो स्वीकारला.

मागचा भाग जपानच्या ‘टाइप ९३’ पाणतीराचा. तो पाणतीर हवेऐवजी शुद्ध प्राणवायूत रॉकेल जाळायचा. हवेतला नायट्रोजन नसल्याने बुडबुड्यांचा माग जवळजवळ दिसत नसे आणि ताकद प्रचंड मिळे. काइतेनला त्यावर ताशी ३० सागरी मैलांच्या वेगाने २३ किलोमीटर जाता यायचं, १२ च्या वेगाने ७८. पण प्राणवायूचं इंजिन लहरी असतं. सुरुवात साध्या हवेवर करून हळूहळू प्राणवायूवर यावं लागतं, नाहीतर स्फोट होतो. कधी रॉकेल पेटतच नसे आणि पंखा नुसत्या वायूच्या दाबावर रेंगाळत फिरायचा. आणि एकदा पेटलेलं इंजिन थांबवून पुन्हा सुरू करायची सोय नव्हती.

चालकाचं काम असं. पाणबुडीतून टेलिफोनवर लक्ष्याची दिशा आणि अंतर मिळायचं, पट्टे सुटायचे, तार तुटायची. ठरल्या दिशेने काही मिनिटं जायचं, लक्ष्यापासून हजारेक मीटरवर वर यायचं, आखूड पेरिस्कोप काढून काही सेकंदांत जहाजाचा वेग आणि रोख ताडायचा. मग चारेक मीटर खाली जाऊन पूर्ण वेग. इथून पुढे डोळे नाहीत, फक्त होकायंत्र आणि स्टॉपवॉच. यादरम्यान रॉकेल आणि प्राणवायू खर्च होऊन यंत्र हलकं होत जातं, म्हणून झडपा हाताने उघडून टाक्यांत समुद्राचं पाणी घ्यावं लागे. हिशेब चुकला तर ३० च्या वेगात यंत्र डॉल्फिनसारखं पृष्ठभागावर उसळ्या मारायचं किंवा नाक खाली घालून तळात रुतायचं.

कुरोकीचं असंच झालं. ६ सप्टेंबर १९४४ ला, ओत्सुशिमा या जपानी बेटावरचा सरावतळ सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, खवळलेल्या समुद्रात त्याचं यंत्र गाळात रुतलं. हवा संपेपर्यंत तो बिघाडाची कारणं आणि सुधारणा वहीत लिहीत राहिला. तो आणि त्याचा सहकारी हिगुची दोघेही गुदमरून गेले. २० नोव्हेंबरला निशिना कुरोकीच्या अस्थी सोबत घेऊन उलिथीवरच्या हल्ल्यात उतरला. दोन पाणबुड्यांवरच्या आठ काइतेनपैकी पाचच सुटू शकले. बाकीचे बांधणीत अडकले किंवा गळके निघाले. ‘मिसिसिनेवा’ हे तेलवाहू जहाज बुडालं, ६३ अमेरिकी खलाशी मेले. २४ जुलै १९४५ ला ‘अंडरहिल’ ही संरक्षक नौका बुडाली, ११२ माणसं गेली. याउलट काइतेनचे शंभराहून अधिक चालक मेले, त्यातले कित्येक सरावात.

सुरुवातीच्या आराखड्यात चालकाला शेवटच्या टप्प्यात बाहेर पडण्याची सोय होती, असा मुद्दा कधीकधी पुढे केला जातो. तो कागदापुरताच धरावा. कोणी त्यातून सुटायचा प्रयत्न केल्याची नोंद नाही, पुढच्या यंत्रांतून ती सोयच काढून टाकली, आणि दीड टन स्फोटकांच्या इतक्या जवळ पाण्यात माणूस वाचणं शक्य नव्हतं.

तिसरं एक नाव आणखी गोंधळ वाढवतं: ब्रिटिशांचा ‘चॅरियट’. तो मायालेचीच नक्कल, जिब्राल्टरला हाती लागलेल्या इटालियन यंत्रांवरून केलेली. ऑक्टोबर १९४४ मध्ये श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीहून निघालेल्या ‘ट्रेंचंट’ पाणबुडीने दोन चॅरियट थायलंडमधल्या फुकेतला नेले. चौघांनी तिथल्या जहाजांखाली स्फोटकं लावली आणि चौघेही परतले.

छायाचित्रावरून ओळखायचं तर बसायची जागा पाहावी. पाठीवर उघड्या बैठका आणि पुढे आडोशाची पाटी दिसली तर तो मायाले किंवा चॅरियट. असा मायाले ला स्पेत्सियाच्या नौदल संग्रहालयात आहे. गुळगुळीत जाड नळी, मधोमध झाकण आणि त्यापुढे पेरिस्कोपची आखूड दांडी असेल तर तो काइतेन. तोक्योच्या यासुकुनी मंदिराशेजारच्या संग्रहालयात तो उभं राहून पाहता येतो. झाकणाचं तोंड इतकं अरुंद आहे की खांदे आक्रसल्याशिवाय माणूस आत उतरू शकणार नाही.