नझा

नझा (मराठीत ‘नेझा’ असेही लिहिले जाते) : चिनी लोकधर्मातील बालदेव. डोक्यावर दोन बुचडे, पोटावर लाल कपडा, हातात आगीच्या टोकाचा भाला आणि पायांखाली वारा व अग्नी यांची दोन चाके, असे त्याचे रूप. २०२५ साली ‘नझा २’ या ॲनिमेशनपटामुळे हे नाव चीनबाहेरही चर्चेत आले. हा देव मुळात चिनी नाही. तो कुबेराचा मुलगा नलकूबर.

नलकूबर आपल्याला ठाऊक असतो तो यमलार्जुनाच्या कथेतून. नारदाच्या शापाने तो आणि त्याचा भाऊ मणिग्रीव झाडे झाले आणि उखळाला बांधलेल्या बाळकृष्णाने ती उन्मळून पाडल्यावर सुटले. बौद्ध ग्रंथांबरोबर हे नाव चीनमध्ये गेले आणि चिनी लिपीत उतरताना आखडत आखडत ‘नझा’ एवढेच उरले. बाप कुबेर, म्हणजे वैश्रवण, तिथे हातात स्तूप घेतलेला लोकपाल, म्हणजे दिशेचा रक्षक देव, म्हणून पुजला जाई. पुढे तो तांग काळातील सेनापती ली जिंग (५७१–६४९) याच्याशी एकरूप झाला. इस्रायली अभ्यासक मेइर शाहर यांच्या मते नझाच्या कथेत नलकूबराबरोबर बाळकृष्णही मिसळला आहे. नागाला नमवणारे खोडकर पोर आठवले की हे मत पटण्याजोगे वाटते.

आज प्रचलित असलेली कथा सोळाव्या शतकातील ‘फंगशन यान्यी’ या कादंबरीतली. आईच्या पोटात साडेतीन वर्षे राहून नझा मांसाचा गोळा होऊन जन्मतो. ली जिंग तलवारीने गोळा चिरतो, तेव्हा आतून मूल निघते. सात वर्षांचा असताना तो समुद्रात अंघोळ करता करता पूर्व सागराच्या नागराजाचा (चिनी ड्रॅगनांच्या राजाचा) महाल हादरवतो आणि त्याचा तिसरा मुलगा आओ बिंग याला ठार करून त्याचा स्नायुरज्जू उपसून काढतो. नागराज सूड घ्यायला येतो. आईबापांवर संकट नको म्हणून नझा स्वतःला कापून मांस आईला आणि हाडे बापाला परत करतो. ज्या समाजात शरीर हे आईवडिलांचे देणे मानले जाते, तिथे हा प्रसंग ऋण फेडणाराही आहे आणि नाते तोडणाराही. आईने गुपचूप बांधलेले त्याचे देऊळ बाप जाळतो. मग गुरू ताइयी कमळापासून त्याला नवे शरीर देतो आणि मुलगा भाला घेऊन बापाच्या मागे लागतो. त्याला आवरण्यासाठी बापाला एक मनोरा मिळतो. हा मनोरा म्हणजे वैश्रवणाच्या हातातला जुना स्तूपच. कथाकाराने त्याला नवे काम शोधून दिले!

पितृद्रोहाचा हा काटा पुढच्या रूपांतरांत बोथट होत गेला. १९७९ च्या शांघायच्या ॲनिमेशनपटात नझा बापाचा सूड घेत नाही, फक्त नागांचा घेतो. २०१९ मध्ये दिग्दर्शक यांग यू (टोपणनाव ज्याओझ) यांनी कथा उलटीच केली. चुकून असुरमणी घेऊन जन्मलेल्या मुलासाठी बाप स्वतःचा जीव द्यायला तयार होतो आणि वैरी आओ बिंग मित्र बनतो.

२९ जानेवारी २०२५ रोजी, चिनी नववर्षाच्या दिवशी, या चित्रपटाचा उत्तरार्ध आला. पहिल्या भागाअखेर दोघांचीही शरीरे नष्ट झालेली असतात. ताइयी कमळकंदाच्या पिठापासून ती पुन्हा घडवतो, पण आओ बिंगचे टिकत नाही आणि एकाच देहात दोन जीव राहतात. त्यातून सुटण्यासाठी नझा देवपदाच्या परीक्षा देतो, तर स्वच्छ दिसणारा स्वर्गच कारस्थानी निघतो. कळसाच्या प्रसंगी अंगभर काटे टोचलेल्या मुलाला आई मिठी मारते आणि त्यांना कोंडलेल्या तापत्या कढईत विरून जाते. मांस परत करण्याच्या मूळ प्रसंगाचे हे उत्तर आहे: इथे देणे मुलगा फेडत नाही, आईच पुन्हा देते. प्रस्तुत लेखकाला मूळ कथेचा निष्ठुरपणा अधिक भावतो, पण ही मिठी विसरता येत नाही हेही खरे. लढाया मात्र गरजेपेक्षा लांबल्या आहेत. चित्रपटाने एकट्या चीनमध्ये १,५०० कोटी युआनहून अधिक कमाई केली. जगभरात २०० कोटी डॉलर ओलांडणारा हा पहिला ॲनिमेशनपट.

देवळांतला नझा याहून जुना आणि अधिक मोकळाढाकळा आहे. मकाऊत सेंट पॉल चर्चच्या भग्न दर्शनी भिंतीलगत त्याचे १८८८ चे छोटे देऊळ आहे. तैवानमध्ये पायाखालच्या चाकांमुळे वाहनचालक त्याला आपला रक्षक मानतात. तिथल्या मिरवणुकांत त्याचे मोठ्या डोक्याचे बाहुले अंगावर चढवून तरुण पोरे टेक्नो संगीतावर नाचतात. २००९ च्या काओशुंग विश्वक्रीडा स्पर्धेच्या उद्घाटनात हे नाचणारे नझा मैदानात अवतरले होते.