टॅम्रिएल

टॅम्रिएल : ‘द एल्डर स्क्रोल्स’ या अमेरिकन व्हिडिओ गेम मालिकेतील काल्पनिक खंड. बेथेस्डा या कंपनीने १९९४ मध्ये ‘अरीना’ हा पहिला गेम काढला. त्यानंतर ‘डॅगरफॉल’ (१९९६), ‘मोरोविंड’ (२००२), ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) आणि ‘स्कायरिम’ (२०११) या गेमांतून या खंडाचा इतिहास वाढत गेला. खंडात नऊ प्रांत आहेत. माणसे, एल्फ, मांजरासारखे दिसणारे खजीट आणि सरड्यासारखे आर्गोनियन असे नाना लोक तेथे राहतात. मधोमध सिरोडिल हा प्रांत आहे. तेथील श्वेतसुवर्ण मनोऱ्यावर ज्याचा ताबा, तो सगळ्या खंडावर हक्क सांगू लागतो.

येथील कालगणनाच राजवंशांवर बेतलेली आहे. पहिले युग २,९२० वर्षांचे, दुसरे ८९६ वर्षांचे आणि तिसरे ४३३ वर्षांचे. एखादा वंश खुंटला किंवा खंड एका छत्राखाली आला, की नवे युग सुरू होते.

साम्राज्याची सुरुवात मात्र गुलामांच्या उठावातून झाली. सिरोडिलवर आयलिड नावाच्या एल्फांची सत्ता होती आणि माणसे त्यांची गुलाम होती. गुलामांचा छळ करणे ही आयलिडांच्या लेखी एक कलाच होती. पहिल्या युगाच्या २४२ व्या वर्षी अलेसिया या गुलाम स्त्रीने बंड उभारले. उत्तरेकडच्या स्कायरिममधील नॉर्ड तिच्या मदतीला आले आणि काही आयलिड सरदारही फुटून तिला मिळाले. पुढच्याच वर्षी मनोरा पडला व अलेसिया सम्राज्ञी झाली. तिचे खरे शहाणपण त्यानंतर दिसते. तिची प्रजा पिढ्यान् पिढ्या धन्याच्या, म्हणजे एल्फांच्या, देवांना भजत आलेली, तर ज्यांच्या बळावर राज्य मिळाले त्या नॉर्डांना ते देव डोळ्यांसमोर नकोत. तिने दोन्हींकडचे देव एकत्र करून आठ देवांचा नवा पंथ घडवला. आजही साम्राज्यात ज्यांची पूजा होते, ते देव मुळात या तडजोडीतून आलेले आहेत. तिच्या पश्चात तिच्याच नावाने निघालेल्या धर्मसंघाने ही समज ठेवली नाही. एल्फांशी संबंधित जे जे काही, ते पुसून टाकण्याचा ध्यास त्याने घेतला; शेवटी २३२१ ते २३३१ या काळातील यादवीत तो संघ मोडला.

दुसरे साम्राज्य रेमनचे. पूर्वेकडील अकाविर खंडातून आलेले आक्रमक २७०३ मध्ये त्याने रोखले आणि त्याच शत्रूंना पदरी ठेवले. २९२० मध्ये या वंशातील शेवटच्या सम्राटाचा खून झाला. मग कारभार त्याच्या अकाविरी प्रधानाच्या हाती गेला आणि ती राजवट चारशेहून अधिक वर्षे चालली.

टायबर सेप्टिमने दुसऱ्या युगाच्या ८९६ व्या वर्षी सारा खंड जिंकला. ड्वेमर नावाची एल्फांची एक शाखा पूर्वी एका रात्रीत नाहीशी झाली होती. तिने घडवलेला न्युमिडियम हा प्रचंड पितळी पुतळा त्याच्या कामी आला. हा पुतळा त्याला मोरोविंड प्रांताशी झालेल्या तहात मिळाला. मोबदल्यात मोरोविंडचे देव, घराण्यांचे कायदे आणि गुलामगिरी तशीच राहू द्यायचे ठरले. अलेसियाचा वारसा सांगणाऱ्या साम्राज्याने खजीट आणि आर्गोनियन यांच्या बेड्या एका कलमासरशी कायम केल्या. टॅम्रिएलच्या साऱ्या इतिहासात याहून लाजिरवाणा करार नसावा. चौथ्या युगाच्या ५ व्या वर्षी ज्वालामुखीच्या उद्रेकाने मोरोविंड उद्ध्वस्त झाले, आणि लगेच आर्गोनियनांनी त्याच्यावर स्वारी केली. त्या स्वारीमागे शतकांचा हिशेब होता.

सेप्टिम वंश तिसऱ्या युगाच्या ४३३ व्या वर्षी संपला आणि साम्राज्य आक्रसत गेले. चौथ्या युगात (१७१–१७५) एल्फांच्या आल्डमेरी अधिराज्याशी महायुद्ध झाले. त्याअखेरच्या तहात सम्राटाने टॅलोसची, म्हणजे देवपदाला पोहोचलेल्या टायबर सेप्टिमची, पूजा बंद करण्याचे मान्य केले. हॅमरफेल प्रांताने आपला मुलूख तोडून देण्यास नकार दिला. साम्राज्याने हात झटकले, तरी तो आणखी पाच वर्षे एकट्याने लढला आणि एल्फांना माघार घ्यायला लावली. स्कायरिममध्ये उल्फ्रिक स्टॉर्मक्लोक याने २०१ मध्ये महाराजाला ठार मारून बंड पुकारले. त्याची तक्रार खरी आहे : आपलाच देव पुजल्याबद्दल लोक धरून नेले जातात. पण त्याच्या विंडहेल्म शहरात मोरोविंडहून आलेल्या निर्वासितांना एका कोंदट वस्तीत राहावे लागते आणि आर्गोनियनांना वेशीच्या आत येऊ देत नाहीत. या लढ्याचा निकाल गेमकर्त्यांनी लावलेला नाही; बाजू खेळणाऱ्याने निवडायची असते.

हा सारा इतिहास गेममध्ये ठिकठिकाणी सापडणाऱ्या शेकडो पुस्तकांतून कळतो आणि ही पुस्तके एकमेकांशी जुळत नाहीत. दरबारी लेखक टायबरला जन्मजात विजेता ठरवतो, तर दुसरा लेखक त्याला दगाबाज म्हणतो. बखरी वाचणाऱ्याला हे नवे नाही : लिहिणारा कोणाच्या आश्रयाला होता, हे आधी पाहावे लागते. एका प्रसंगात मात्र कोणत्याच लेखकाला खोटे ठरवता येत नाही. ‘डॅगरफॉल’चे शेवट अनेक होते. पुढचा गेम करताना त्यांतला एकच खरा न मानता, काळाचा प्रवाहच तुटला आणि सगळे शेवट एकाच वेळी घडले, असे ठरवण्यात आले. या घटनेला ‘पश्चिमेचा पीळ’ म्हणता येईल. तिसऱ्या युगाच्या ४१७ व्या वर्षी ती घडली तेव्हा इलियाक उपसागराच्या काठी अनेक छोटी राज्ये होती. प्रवाह पुन्हा जुळला, तेव्हा त्यांतली चारच उरली होती आणि चौघांनाही आपापला विजय स्पष्ट आठवत होता.